पानिपत, परतूर आणि मराठी विज्ञानकथा

विज्ञानकादंबरीवर एक जुना आक्षेप घेतला जातो. तिच्यातले विज्ञान शिळे झाले की तीही शिळी होते, असे म्हणतात. हे खरे असते, तर ज्यूल व्हर्नची चंद्रमोहिमेची कादंबरी १९६९ च्या जुलैत, माणूस खरोखर चंद्रावर उतरला त्या दिवशी संपायला हवी होती. १८६५ सालच्या त्या कादंबरीत चंद्राकडे जाणारे तिघे एका प्रचंड तोफेतून उडवले जातात. असा बार उडाला तर आतला माणूस पहिल्याच क्षणी चिरडला जाईल, हे आज शाळकरी मुलालाही कळते. तरी ती वाचली जाते. अमेरिकेतले यादवी युद्ध संपले, तोफा बनवणारे रिकामे झाले. आता त्यांनी आपली बुद्धी कुठे खर्च करावी, हा तिच्या मुळाशी असलेला प्रश्न अजून सुटलेला नाही. एच. जी. वेल्सच्या 'टाइम मशीन'चेही (१८९५) तसेच. कालयंत्र कुणी बनवले नाही. परंतु वर उजेडात सुखासीन इलॉय आणि खाली अंधारात यंत्रे राखणारे मॉरलॉक, ही फाळणी वाचताना आपले महानगर आठवल्याशिवाय राहत नाही.

मराठीत हा प्रकार आला तो व्हर्नचे बोट धरूनच. 'केरळकोकिळ' मासिकातून १९०० साली 'चंद्रलोकची सफर' प्रसिद्ध होऊ लागली. पुढे श्रीधर बाळकृष्ण रानडे यांची 'तारेचे हास्य' (१९११) ही स्वतंत्र कथा आली. भा. रा. भागवतांनी व्हर्न मराठी मुलांच्या घरात आणून बसवला. मात्र हे लेखन वाढले ते मुख्यतः मासिकांच्या आणि दिवाळी अंकांच्या पानांवर. त्यामुळे मराठीत कादंबरीपेक्षा कथाच अधिक फोफावली, आणि टिकाऊपणाची चर्चा करताना आपल्याला कथेकडेही वळावे लागते.

१९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत 'कृष्णविवर' या कथेला पहिले पारितोषिक मिळाले. लेखकाचे नाव होते नारायण विनायक जगताप. ही आद्याक्षरे उलटी वाचली की ज. वि. ना., म्हणजे जयंत विष्णु नारळीकर. आपल्या कीर्तीचा परीक्षकांवर परिणाम होऊ नये, म्हणून त्यांनी हे टोपणनाव घेतले होते. त्यांच्या 'गंगाधरपंतांचे पानिपत' या कथेत इतिहासाचे एक प्राध्यापक अपघातानंतर अशा जगात जाऊन पोहोचतात, जिथे पानिपतावर विश्वासरावांना गोळी लागलीच नाही आणि मराठे जिंकले. या जगाचे स्पष्टीकरण पुंजभौतिकीच्या आधारे दिले आहे. ते उद्या बदलूही शकेल. कथा उभी आहे ती दुसऱ्याच गोष्टीवर. विजयानंतर पेशव्यांनी काळाची पावले ओळखून विज्ञानाची केंद्रे उभारली, असे गंगाधरपंतांना ग्रंथालयात वाचायला मिळते. एक गोळी हुकणे हा योगायोग. पण पुढे ज्ञानाची वाट धरणे हा निर्णय. योगायोग आपल्या हाती नसतो, निर्णय असतो. नारळीकरांचा प्रश्न तिथे आहे.

हा प्रश्न मराठवाड्यातल्या वाचकाला अधिक जवळून भिडावा, असे आम्हांस वाटते. फेब्रुवारी १७६० मध्ये उदगीरला निजामाचा पराभव झाला आणि तहात आमच्या छत्रपती संभाजीनगरच्या, म्हणजे तेव्हाच्या औरंगाबादच्या, कुशीतला दौलताबादचा किल्ला मराठ्यांकडे आला. पुढच्याच महिन्यात सदाशिवरावभाऊ आणि विश्वासराव उत्तरेकडे निघाले, ते आजच्या जालना जिल्ह्यातल्या परतूरहून. पानिपताची वाट आमच्या अंगणातून गेली. १४ जानेवारी १७६१ नंतर उदगीरचे यश हातातून निसटले, आणि हा प्रदेश निजामाच्या राज्यातून बाहेर पडला तो १७ सप्टेंबर १९४८ रोजी. 'निकाल वेगळा लागता तर?' हा प्रश्न पुण्या-मुंबईच्या वाचकाला कल्पनाविलास वाटू शकेल. इथे तो घरातल्या वडीलधाऱ्यांच्या आयुष्याला हात घालतो.

याचा अर्थ सगळी मराठी विज्ञानकथा टिकली, असा नव्हे. पात्रांच्या तोंडून व्याख्यान देणाऱ्या कथा त्या व्याख्यानाबरोबरच जुन्या झाल्या. 'वामन परत न आला' (१९८६) मात्र आज नव्याने वाचावी लागते. तिच्यातला यंत्रमानव स्वतःसारखेच दुसरे यंत्र घडवू पाहतो. तीन पावले मागणाऱ्या बटूची पुराणकथा ज्याला ठाऊक आहे, त्याला त्यातले भय समजावून सांगावे लागत नाही. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या आजच्या वादात तर हे भय अधिकच खरे वाटते.

२० मे २०२५ रोजी नारळीकर गेले. त्यानंतरच्या श्रद्धांजलींत शास्त्रज्ञ आणि विज्ञानप्रसारक ही रूपे ठळक होती. कथाकाराकडे मात्र वाङ्मयाच्या अभ्यासकांनी अजून नीट पाहिलेले नाही. 'गंगाधरपंतांचे पानिपत' इंग्रजी रूपात एनसीईआरटीच्या अकरावीच्या 'हॉर्नबिल' या इंग्रजीच्या पाठ्यपुस्तकात आहे. परतूरच्या एखाद्या मुलीला ही कथा इंग्रजीच्या तासाला आधी भेटावी आणि मराठीच्या तासाला भेटूच नये, हे आम्हां मराठी शिकवणाऱ्यांना शोभणारे नाही. विज्ञानकथेला विज्ञानाच्या पंक्तीत बसवून आपण मोकळे होतो. तिला कथा म्हणून, चुकलेल्या विज्ञानासकट आणि न सुटलेल्या प्रश्नासकट, वर्गात वाचायला सुरुवात करणे हे काम आपलेच आहे.