तांदुल्याचे पाणी आणि गळ

भिलाईच्या हुडको वसाहतीतून गळ व तंबू घेऊन बालोदजवळच्या तांदुला जलाशयावर जाणाऱ्याने त्या पाण्याचे जुने दप्तरही चाळावे. १८९९-१९०० च्या दुष्काळानंतर, प्रांताचा कारभार नागपुरातून चालत असताना, हे धरण भातशेतीसाठी बांधले गेले. १९५९ मध्ये भिलाईची पहिली झोतभट्टी पेटली आणि त्याच पाण्यात पोलादाचाही वाटा आला. मासळीचा हिशेब तिसरा. रोहू, कटला पावसाळ्यात अंडी घालतात, म्हणून १६ जून ते १५ ऑगस्ट मासेमारीस बंदी असते. नियम रास्तच, परंतु त्यापायी हौशी माणसाचे काही रविवार बुडतात, आणि केवट-ढीमरांची दोन महिन्यांची मिळकत.