अठराव्या वर्षानंतरचा फावला वेळ : वसई-विरार आणि प्रौढ स्वमग्न

स्वमग्नतेचा, म्हणजे संवाद, सामाजिक वर्तन आणि इंद्रियसंवेदना यांची घडण लहानपणापासूनच निराळी असण्याच्या अवस्थेचा, इतिहास बहुतांशी बालकांचा इतिहास म्हणून लिहिला गेला आहे. लिओ कॅनर यांनी १९४३ साली ज्या अकरा मुलांचे वर्णन केले, त्यांचे पुढे काय झाले हे त्यांनीच १९७१ मध्ये तपासले. तेव्हा पहिला मुलगा बँकेत नोकरी करत होता आणि नेमाने गोल्फ खेळत होता. नोकरीबरोबर त्या खेळाचीही नोंद त्यांनी केली, हे विशेष.

महाराष्ट्रात प्रौढ स्वमग्नांच्या विरंगुळ्याची अशी दखल घेतली जायला वेळ लागला. मुंबईची जय वकील शाळा (१९४४) आणि पुण्याची कामायनी (१९६४) या बौद्धिक अक्षमता असलेल्यांसाठी निघालेल्या संस्था. स्वमग्नतेचे निदान सर्रास होऊ लागण्यापूर्वी अनेक स्वमग्न मुले अशा शाळांत ‘मतिमंद’ या शिक्क्याखालीच दाखल होत. शाळा संपल्यावर फार तर संरक्षित कार्यशाळा, म्हणजे देखरेखीखाली मेणबत्त्या किंवा पाकिटे करण्याची जागा, मिळे आणि विरंगुळा हा दोन कामांमधला खंड मानला जाई. १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यातील सात प्रकारांत स्वमग्नता नव्हती. ती १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात आणि पुढे २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात आली.

याच काळात वसई-विरारचे रूप पालटत होते. १९९० मध्ये सिडकोकडे नियोजन सोपवले गेले, केळीच्या बागांच्या आणि पानमळ्यांच्या या पट्ट्यात मुंबईत घर न परवडणारी कुटुंबे येऊन राहिली आणि २००९ मध्ये चार नगरपरिषदा व आसपासची गावे मिळून महानगरपालिका झाली. २०११ च्या जनगणनेने या शहरात बारा लाखांहून अधिक माणसे मोजली, परंतु तिच्या अपंगत्वाच्या रकान्यांत स्वमग्नतेला स्वतंत्र जागा नव्हती. नव्वदच्या दशकात येथे वाढलेली स्वमग्न मुले आज तिशीत आहेत, आणि कायद्याने दिलेला मोफत शिक्षणाचा हक्क अठराव्या वर्षी संपत असल्याने त्यानंतरचे दिवस घरच्यांनाच भरावे लागतात.

हे दिवस भरण्यासाठी लागणारे फावल्या वेळेचे कौशल्य शिकवण्याची पद्धत मुळात अवघड नाही. कॅरम घेतला, तर सोंगट्या मांडणे, स्ट्रायकर रेषेवर ठेवणे, टिचकी मारणे आणि आपली पाळी येईपर्यंत थांबणे असे टप्पे पाडतात, ते चित्रांच्या पट्टीवर क्रमाने दाखवतात आणि शिकणाऱ्याला जमत जाईल तशी मदत कमी करत नेतात. यांपैकी पाळीची वाट पाहणे बहुधा सर्वांत कठीण, कारण तिथे दुसऱ्या माणसाच्या मनाचा अंदाज लागतो. शिवाय निवड शिकणाऱ्याची हवी; ज्याला गाड्यांची वेळापत्रके पाठ करण्यात गोडी वाटते, त्याच्यापुढे रंगपेटी ठेवून विरंगुळा साधत नाही.

वसईला करमणुकीची वाण कधीच नव्हती. निर्मळची यात्रा, वर्षअखेरीचा कला-क्रीडा महोत्सव आणि २०११ पासूनची महापौर मॅरेथॉन हे तालुक्याचे मोठे मेळावे. मात्र ज्याला आवाज, उजेड आणि धक्काबुक्की सोसत नाही, त्याला तेथे तासभर उभे राहणेही जड जाते. चर्चगेटपासून साठ किलोमीटरवरच्या विरारमधून मुंबईतल्या एखाद्या छंदवर्गाला जायचे, तर त्याआधी लोकलची गर्दी पार करावी लागते. वास्तविक संयुक्त राष्ट्रांच्या २००६ च्या दिव्यांग हक्क कराराचे तिसावे कलम करमणुकीला हक्क मानते आणि भारताने तो करार २००७ मध्ये स्वीकारला. २०१६ च्या कायद्याचे एकोणतिसावे कलम करमणूक केंद्रे, कलावर्ग आणि शिबिरे यांची जबाबदारी शासनाबरोबर स्थानिक प्राधिकरणांवर, म्हणजे येथे महानगरपालिकेवरही, टाकते.