कलगी-तुऱ्याचा झगडा

दोन पुढारी एकमेकांवर शब्दांचे बाण सोडूं लागले, कीं दुसऱ्या दिवशींच्या वृत्तपत्रांत "दोघांत कलगी-तुरा रंगला" असा मथळा हमखास येतो. हा शब्दप्रयोग आतां इतका अंगवळणीं पडला आहे, कीं त्याच्या पाठीमागें गाणारांची एक सबंध परंपरा उभी आहे, हें शहरांतील सुशिक्षित वाचकाच्या ध्यानींमनींही नसतें. मूळचा कलगी-तुरा म्हणजे नुसतें भांडण नव्हे. एकानें गाऊन विचारावें, दुसऱ्यानें तें लक्षपूर्वक ऐकून गाऊनच उत्तर द्यावें, आणि दोघांच्याही रचनेची पारख भर मैदानांत व्हावी, अशी ती रीत होती. ज्यांना पाठशाळेचें दार बंद होतें अशा कित्येक हौशी कवनकारांची तीच पाठशाळा होती, असें म्हटल्यास अतिशयोक्ति होणार नाहीं.

कलगी आणि तुरा हे दोन्ही शिरोभूषणावरचे अलंकार. उत्तर हिंदुस्थानांत या संप्रदायाच्या उत्पत्तीची जी कथा सांगतात, ती मोठी बोधप्रद आहे. तुकनगीर नांवाचा एक शैव गोसावी आणि शहा अली नांवाचा एक मुसलमान फकीर यांची चंदेरीच्या राजापुढें गाण्यांत गांठ पडली. दोघांचें गायन ऐकून राजा प्रसन्न झाला आणि त्यानें आपल्या मुगुटावरील तुरा तुकनगिराला व कलगी शहा अलीला दिली. कथा ती कथाच; तिच्यासाठीं ताम्रपटाचा पुरावा मागूं नये. पण ज्या लोकांनीं ती पिढ्यान्‌पिढ्या सांगितली, त्यांना काय सांगावयाचें होतें तें मात्र स्पष्ट आहे. राजानें एकाला जिंकविलें नाहीं व दुसऱ्याला हरविलें नाहीं. एकाच मुगुटाचे दोन अलंकार दोघांच्या वांट्याला आले. वाद कायम राहिला आणि वाद घालणारे दोघेही मानकरी ठरले.

महाराष्ट्रांत या दोन पक्षांच्या वादाला तत्त्वज्ञानाचें अधिष्ठान आहे. तुरेवाले पुरुषाला, म्हणजे शिवाला श्रेष्ठ मानतात. कलगीवाले प्रकृतीला, म्हणजे शक्तीला श्रेष्ठ मानतात. तुरेवाल्यांस हरदास व कलगीवाल्यांस नागेश अशींही नांवें आहेत. वाद पाहावा तर सांख्य आणि वेदान्त यांतला. परंतु तो चालविणारे लोक शास्त्री-पंडित नव्हते. तुऱ्याच्या बाजूनें ज्याचें नांव आदरानें घेतात, तो हैबती सातारा जिल्ह्यांतील पुसेसावळीचा. उत्तर पेशवाईंतील नामांकित शाहिरांची नुसती यादी डोळ्यांपुढें आणली, तरी शाहिरीच्या या रिंगणांत कोण कोण उतरत होतें याची कल्पना येते. सगनभाऊ हा मुसलमान शिकलगार; हत्यारांना धार लावणें हा त्याच्या जातीचा धंदा. होनाजी गवळी. परशराम हा सिन्नर तालुक्यांतील बावी गांवचा शिंपी. अनंत फंदी संगमनेरचा, रामजोशी सोलापूरचा, तर प्रभाकर दातार मूळचा कोंकणांतला. हे तिघे ब्राह्मण. ज्या समाजांत पंगतीला बसण्याच्या जागाही जातीवरून ठरत, त्याच समाजांत ही माणसें एका कलेच्या मैदानांत एकमेकांशीं तुलना करून मोजलीं जात. तेथें प्रश्न एकच असे : कवन कसें आहे?

या मैदानांतली रात्र कशी चाले, तें पाहण्यासारखें आहे. दोन फड समोरासमोर बसत. प्रत्येकाजवळ डफ व तुणतुणें, मुख्य शाहीर, आणि त्याच्यामागें झील धरणारे साथीदार. आरंभीं गण, म्हणजे गणरायाचें नमन. त्यानंतर खरा झगडा सुरू होई. एक पक्ष भेदिक कवन गाई. भेदिक म्हणजे ज्यांत कांहीं भेद, कांहीं गूढ दडविलें आहे असें. पुराणांतली एखादी आडवळणाची कथा, आंकड्यांचें कोडें, किंवा देह आणि आत्मा यांवरचें रूपक, असा त्याचा विषय असे. समोरच्यानें त्यांतला भेद ओळखावयाचा आणि कवनांतच तो उलगडून दाखवून उलट सवाल टाकावयाचा. सवाल ज्या चालींत, त्याच चालींत जबाब, ही उत्तम शाहिराची कसोटी मानली जाई.

याचा एक साधा नमुना गद्यांत असा मांडतां येईल. पहिला शाहीर विचारतो : पांच कारागिरांनीं बांधलेला एक वाडा आहे. त्याला नऊ दरवाजे. आंतला धनी कोणी पाहिला नाहीं, परंतु तो निघून गेला कीं वाडा उभा राहत नाहीं. तो वाडा कोणता? श्रोत्यांतला एखादा म्हातारा शेतकरीसुद्धां मनांतल्या मनांत हंसतो. कारण वाडा म्हणजे देह, कारागीर म्हणजे पंचमहाभूतें आणि दरवाजे म्हणजे नवद्वारें, हें त्यानें भजन-कीर्तनांत ऐकलेलें असतें. दुसऱ्या पक्षानें एवढेंच उत्तर दिलें, तर तो हरला नाहीं इतकेंच. पण तो जर म्हणाला, कीं बाबा, तूं नऊ दारें मोजलींस तीं बाहेरचीं; ज्या दाराकडे योगी डोळे लावून बसतो तें दहावें तूं मोजलेंच नाहींस, तर मग मैदान त्याचें. येथें जबाबानें सवालाची उणीव दाखविली. तीही निंदेनें नव्हे, तर अधिक पुरी रचना करून दाखवून. पहिल्या शाहिराला दहाव्या दाराचा विसर पुन्हा आयुष्यांत पडणार नाहीं!

या पद्धतींतलें मर्म येथें आहे. मित्राला कविता वाचून दाखविली, तर तो पहिल्या कडव्यावर मान डोलावतो आणि तिसऱ्या कडव्यापाशीं त्याचें लक्ष उडतें. प्रतिपक्षाला तशी सवड नसते. त्याला प्रत्येक शब्द ऐकावा लागतो, कारण त्याच शब्दांतून त्याला उत्तर काढावयाचें असतें. यमक कोठें ओढून आणलें, मात्रा कोठें कमी पडली, कथेंत कोठें चूक झाली, हें त्याच्याइतकें बारकाईनें कोण ऐकणार? कवन ऐकण्याची खरी शिस्त शाहिराला वैऱ्यानें शिकविली. आणि प्रत्येक शाहीर आळीपाळीनें गाणारा व ऐकणारा असल्यामुळें ही शिस्त दोन्ही बाजूंस सारखीच लागत असे.

पहिली पारख मात्र फडाच्या आंतच होई. रचणारा एक आणि गाणारा दुसरा, अशी जोडी कित्येक वेळां असे. होनाजी कवनें रची आणि त्याचा मित्र बाळा करंजकर तीं गाई, म्हणून दोघांचें नांव "होनाजी बाळा" असें एकच झालें. गाणाराच्या गळ्यांत जो शब्द अडतो, तो रचणाराला बदलावाच लागतो. त्याबाबत पांडित्याचा कांहीं उपयोग होत नाहीं. लावणी रागदारींत बांधण्याकडे होनाजीचा जो ओढा होता, त्याला असा सुरेल सोबती मिळाला नसता तर तो कितपत फळाला आला असता, याची शंकाच आहे. त्याची 'घनश्याम सुंदरा' ही भूपाळी महाराष्ट्राच्या घराघरांत पोंचली, आणि १९५१ सालीं व्ही. शांताराम यांनीं 'अमर भूपाळी' हा बोलपट काढला तो याच जोडीवर.

रामजोशाचें उदाहरण याहून बोलकें आहे. वैदिक घराण्यांतला हा मुलगा सोलापुरांत धोंडी शाहिराच्या फडाच्या नादीं लागला. वडील भाऊ मुद्गल जोशी विद्वान. त्यांनीं त्याला घराबाहेर काढलें, असें परंपरा सांगते. तेव्हां तो पंढरपुरास गेला, संस्कृताचें अध्ययन करून परतला, आणि तरीही त्यानें डफ टाकला नाहीं. त्याच्या लावण्यांत संस्कृत शब्दांचा डौल आणि ढोलकीचा ठेका हीं दोन्हीं एकत्र नांदतात. पाठशाळेनें त्याला शब्द दिले. पण ते शब्द हजार माणसांच्या कानांत कसे उतरवावे, हें फडानेंच शिकविलें. टीका झाली ती दोन्हीं घरांतून, आणि रामजोशी शहाणा असा, कीं त्यानें दोन्हींचा उपयोग करून घेतला.

या झगड्याचे दोषही झांकून ठेवण्याचें कारण नाहीं. रात्र चढत गेली आणि उत्तर सुचेनासें झालें, कीं शाहिराची जीभ कवनावरून माणसावर घसरे. मग जात, कुळ, घरची माणसें यांची उणींदुणीं निघत. ज्या क्षणीं जबाब रचनेला न देतां रचणाराला दिला जाई, त्या क्षणीं झगड्यांतली विद्या संपे आणि नुसता झगडा उरे. दुसरा दोष लपवाछपवीचा. आपलें भेदिक समोरच्याला आधीं कळूं नये म्हणून फडाचें बाड जिवापाड जपलें जाई. परक्याला त्याचें पानही दिसत नसे. अशीं कितीएक बाडें वाळवीनें खाल्लीं असतील! तिसरी उणीव आणखी विचार करावयास लावणारी. शक्ति श्रेष्ठ कीं शिव श्रेष्ठ, हा वाद पुरुषांनींच पुरुषांशीं घातला. शक्तीचें वकीलपत्र घेणारा कलगीवालाही आपल्या घरच्या शक्तीच्या हातीं डफ देण्यास तयार नव्हता.

१८१८ सालीं पेशवाई बुडाली आणि शाहिरांचा मोठा आश्रय गेला. पुढें छापखान्यानें जुनीं कवनें वांचविण्याचें काम केलें. हॅरी ॲकवर्थ आणि शंकर तुकाराम शाळिग्राम यांनीं गोंधळी-शाहिरांच्या तोंडून मिळविलेले ऐतिहासिक पोवाडे १८९१ सालीं प्रसिद्ध केले. त्यांचे उपकार महाराष्ट्र विसरणार नाहीं. तथापि छापील पानाची एक मर्यादा आहे. तेथें कवनें कवीच्या नांवाखालीं लागतात. सवाल एका ग्रंथांत आणि जबाब दुसऱ्या ग्रंथांत, किंवा कोठेंच नाहीं. निम्मा संवाद पुसून गेला, कीं उरलेला निम्मा उगीच अवघड व विक्षिप्त वाटूं लागतो. भेदिक कवनें दुर्बोध म्हणून सुशिक्षितांनीं बाजूस टाकलीं, याचें एक कारण हेंही असावें. बोलपटानें सवाल-जबाब पुन्हा लोकप्रिय केले. १९६४ सालच्या बोलपटाचें तर नांवच 'सवाल माझा ऐका'. परंतु बोलपटांत प्रश्न आणि उत्तर हीं दोन्हीं आधींच लिहून ठेवलेलीं. कोण जिंकणार हें पटकथेंतच ठरलेलें. उत्तर न सुचण्याचें भय ज्यांत नाहीं, तो झगडा पाहावयास सुंदर, पण त्यांतून शाहीर घडत नाहीं.

सुशिक्षित कवींनीं आपल्यासाठीं दुसरी वाट शोधली. १९२३ सालीं पुण्यांत रविकिरण मंडळ स्थापन झालें. माधव जूलियन, यशवंत, गिरीश, श्री. बा. रानडे, मनोरमाबाई रानडे इत्यादि मंडळी एकत्र जमून एकमेकांना कविता वाचून दाखवीत आणि तिच्यावर चर्चा करीत. ही स्नेह्यांची बैठक होती, आणि तिनें मराठी कवितेला व काव्यगायनाला पुष्कळ दिलें. परंतु बैठकीबाहेरचा जबाब यावयाचा राहिला नाहीं. १९२५ सालीं अत्र्यांचीं 'झेंडूचीं फुलें' निघालीं आणि त्या विडंबनांनीं तत्कालीन कवितेच्या लकबी महाराष्ट्राला हंसून हंसून दाखविल्या. विडंबन करणाराला मूळ कविता पाठ असावी लागते. त्या अर्थानें अत्रे हे मोठे लक्ष देऊन ऐकणारे प्रतिपक्षी होते. स्नेह्याची शाबासकी आणि प्रतिपक्षाचा टोला या दोहोंवांचून कवितेचें खरें रूप कवीला दिसत नाहीं, हें पुण्याच्या बैठकीलाही चुकलें नाहीं.

कलगी-तुरा मात्र मेला नाहीं. कोंकणांत तो शक्ती-तुरा या नांवानें नांदतो. मध्यें गायक आणि ढोलकीवाला बसलेले, त्यांच्याभोंवतीं पायांत घुंगरूं बांधून फेर धरणारे गडी; याला जाखडी किंवा बाल्या नाच म्हणतात. रत्नागिरी-रायगडाकडचे गडी पोटासाठीं मुंबईच्या गिरण्यांत आले, तेव्हां वळकटीबरोबर ढोलकीही आली. पुढें वस्ती रेल्वेच्या कडेकडेनें सरकत ठाणें, डोंबिवली, कल्याण येथवर गेली. कल्याणपलीकडे उल्हास नदीच्या कांठचें शहाड हें मूळचें लहानसें गांव. तेथें रेयॉनचा कारखाना उभा राहिला आणि कामगारांची वस्ती वाढली. दिवसां यंत्रावर राबावें आणि रात्रीं सणासुदीच्या बारीसाठीं तालीम करावी, अशी ही हौस आहे. यांतले बहुतेक शाहीर नोकरी-धंदा सांभाळून गाणारे. आतां कांहीं स्त्रियाही शाहीर म्हणून या मैदानांत उतरल्या आहेत. शक्तीची बाजू शक्तीनेंच मांडावी, हा योग उशिरां कां होईना, पण आला.

हल्लीं बारीचें ध्वनिमुद्रण दुसऱ्या दिवशीं हातोहातीं फिरतें. प्रतिपक्षाचें कवन घरीं बसून दहा वेळां ऐकतां येतें, आणि जबाब सावकाश रचतां येतो. बाड लपविण्याची गरज उरली नाहीं, हा लाभच म्हणावयाचा. त्याबरोबर व्यक्तिगत टोमणेही तितक्याच वेगानें फिरतात, ही हानि. जुन्या शाहिरांनीं दोन्हीं पाहिलीं होतीं. कोणता जबाब शिष्यांना पाठ करावयास द्यावा आणि कोणता त्याच रात्रीं मैदानांत सोडून घरीं जावें, हें त्यांना ठाऊक होतें. वृत्तपत्रांतल्या कलगी-तुऱ्याला हा विवेक अजून शिकावयाचा आहे.