एका ओळीचा इतिहास

मी मूळचा नांदेडचा. लातुरात जीवशास्त्र शिकविण्यात माझी हयात गेली. ‘टी पेशी थायमस ग्रंथीत पक्व होतात’ ही ओळ डॉक्टरकीच्या परीक्षेसाठी आलेल्या मुलांकडून मी किती वेळा घोकून घेतली असेल! त्या कशा पक्व होतात, हे कुणी विचारले नाही. मीही सांगितले नाही.

वास्तविक त्या ओळीमागे मोठा इतिहास आहे. १९९२ साली अमेरिकेत तेरुमी कोवी-शिगेमात्सू यांच्या प्रयोगशाळेने थायमसमध्ये विपुल असणारे ‘सॅटबी-वन’ हे प्रथिन शोधले. २००० साली हे प्रथिन नसलेले उंदीर तपासले, तेव्हा टी पेशींची वाढ अर्ध्यावर अडलेली दिसली. काही जनुके तर भलत्या वेळी जागी झाली होती. २००३ साली उलगडा झाला: हे प्रथिन पेशीकेंद्रात जाळी विणते, डीएनए तिला बांधते आणि कोणत्या जनुकाची नक्कल निघावी, यावर ताबा ठेवते.

पण तेच प्रथिन कधी जनुक मिटते, कधी उघडते, हे कसे? याचे एक उत्तर २००६ साली पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात संजीव गलांडे व त्यांच्या सहकाऱ्यांनी दिले. प्रथिनाला फॉस्फेट चिकटला की जनुक मिटते. तो सुटला की उघडू शकते.

पुणे इथून एका रात्रीच्या प्रवासावर. तरी ते उत्तर माझ्या फळ्यापर्यंत पोचले नव्हते; परीक्षेत ते विचारीत नाहीत ना! यंदा मी ते लिहिले. मागच्या बाकावरून एका मुलीने विचारले, “सर, मग तो फॉस्फेट काढतं कोण?”

मला सांगता आले नाही. पुष्कळ वर्षांनी मी वर्गात शिकलो.