शोअरबँक : वस्तीच्या उभारणीसाठी भांडवल

नफ्याबरोबर सामाजिक परिणाम साधणाऱ्या गुंतवणुकीच्या क्षेत्रातील शिकागोची शोअरबँक ही एक अग्रणी संस्था. अमेरिकेत १९३० च्या दशकापासून कृष्णवर्णीयांच्या वस्त्या नकाशावर तांबड्या रंगाने दाखवून धोक्याच्या ठरविल्या जात व तेथे गृहकर्ज नाकारले जाई. शिकागोच्या साउथ शोअर भागात कृष्णवर्णीय कुटुंबे वाढताच तेथील बँकेने शहराच्या मध्यभागी स्थलांतराचा घाट घातला. रहिवाशांच्या विरोधामुळे त्यास परवानगी मिळाली नाही. १९७३ मध्ये रॉन ग्रझिविन्स्की, मेरी हॉटन, मिल्टन डेव्हिस व जेम्स फ्लेचर यांनी ती बँक ताब्यात घेतली. त्यांपैकी डेव्हिस हे वांशिक समतेच्या चळवळीतील कार्यकर्ते. परगावच्या ठेवीदारांकडून पैसा उभारून बँकेने जुन्या इमारतींच्या दुरुस्तीसाठी स्थानिकांना कर्जे दिली. अशा संस्थांना साहाय्य देणारा केंद्रीय कायदा १९९४ मध्ये झाला. मात्र २००८ च्या मंदीत कर्जे थकली आणि ऑगस्ट २०१० मध्ये बँक बंद पडली. या क्षेत्रात काम करू इच्छिणाऱ्यास तिचा इतिहास दुहेरी धडा देतो : कर्जाची कठोर छाननी आणि वस्तीची जवळून ओळख, दोन्ही हवीत.