एकाच मैदानावरचे दोन ऑक्टोबर

टोकियोतल्या आपल्या मंडळींना सेंदागाया स्टेशन ठाऊक असेलच. तिथून चालत पाच-सात मिनिटांवर नॅशनल स्टेडियम आहे. नीरज चोप्राने २०२१ साली भालाफेकीचं सुवर्ण जिंकलं ते इथेच. पण ही जागा त्याहून बरीच जुनी आहे.

इथलं पहिलं स्टेडियम १९२४ सालचं. २१ ऑक्टोबर १९४३ रोजी तिथे कुठलीच मॅच नव्हती. जपान महायुद्धात मागे हटत होता आणि सरकारने कॉलेजच्या मुलांना सैन्यभरतीतून मिळणारी सवलत काढून घेतली होती. त्या दिवशी भर पावसात, खांद्यावर बंदुका घेऊन, सुमारे २५ हजार विद्यार्थी या मैदानात चालले. पंतप्रधान तोजो भाषणाला हजर होते आणि स्टँडमध्ये हजारो विद्यार्थिनी निरोप द्यायला उभ्या होत्या. भरती झाली ती मुख्यतः साहित्य, कायदा असे विषय शिकणाऱ्यांची. विज्ञान आणि इंजिनियरिंगवाल्यांची सवलत बहुतांशी चालूच राहिली, कारण ते युद्धाच्या कामाचे! इंजिनियर म्हणून हे वाचताना मला जरा अवघडल्यासारखं होतं. त्या मुलांपैकी अनेकजण परत आले नाहीत. त्यांच्या आठवणीसाठी इथे शिळा बसली ती १९९३ साली, म्हणजे तब्बल ५० वर्षांनी.

युद्धानंतर अमेरिकन सैन्याने मैदान ताब्यात घेतलं आणि त्याला नाइल किनिक या आपल्या फुटबॉलपटूचं नाव दिलं. हा किनिक नौदलाचा वैमानिक होता आणि तोही १९४३ मध्येच विमान अपघातात गेला. पुढे जुनं स्टेडियम पाडून १९५८ साली नवं उभं राहिलं. त्याच वर्षीच्या एशियन गेम्समध्ये आपल्या मिल्खा सिंगने २०० आणि ४०० मीटर, दोन्ही शर्यती इथे मारल्या.

मग आला १० ऑक्टोबर १९६४. निरभ्र आकाश, ऑलिंपिकचं उद्घाटन. ज्योत घेऊन धावत आला योशिनोरी साकाई. वासेदा विद्यापीठाचा हा १९ वर्षांचा विद्यार्थी हिरोशिमा प्रांतात जन्मला तो ६ ऑगस्ट १९४५ला, बॉम्ब पडला त्याच दिवशी. १९४३च्या पावसात निरोप द्यायला उभ्या असलेल्या मुलींपैकी एक, पुढे लेखिका झालेल्या सुगिमोतो सोनोको, या दिवशीही स्टेडियममध्ये होत्या. त्यांनी दोन्ही दिवसांबद्दल एकत्र लिहिलं. आनंदाच्या दिवशी जुनी गोष्ट काढायची हिंमत लागते, असं मला तरी वाटतं.

ते स्टेडियमही २०१५ मध्ये पाडलं. झाहा हदीद यांचा आराखडा खर्चाच्या वादात रद्द झाला आणि केंगो कुमा यांचं लाकडाचा भरपूर वापर केलेलं स्टेडियम २०१९ मध्ये पुरं झालं. छताच्या पागोळीला ४७ही प्रांतांतलं लाकूड आहे. खुर्च्या पाच रंगांच्या, अशा विखरून बसवलेल्या की रिकाम्या असल्या तरी माणसं बसल्याचा भास व्हावा. कोविडमुळे २०२१ला नेमकं तेच झालं, प्रेक्षकांना बंदी! त्या खुर्च्यांसमोर ३० जुलैला बीड जिल्ह्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे ३००० मीटर स्टीपलचेस धावला. फायनल हुकली, पण ८ मिनिटं १८.१२ सेकंद हा तेव्हाचा नवा भारतीय विक्रम झाला.