गर्दीचे गणित

राज्यांचा इतिहास आपण वाचतो; गर्दीचा सहसा वाचत नाही. संकेतस्थळांचा इतिहास मात्र आम्हांस मुख्यतः गर्दीचाच वाटतो.

१९९० च्या अखेरीस जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधनसंस्थेत टिम बर्नर्स-ली यांनी जगातील पहिला वेब सर्व्हर सुरू केला. त्या संगणकावर तांबड्या शाईने लिहिलेली चिठ्ठी होती : हा सर्व्हर आहे, बंद करू नये. सारा पसारा तेव्हा एका बटणावर अवलंबून होता!

पुढे वाचक वाढले. एकच पान हजारोंनी एकदम मागितले, की यंत्र गुदमरे. मोठे यंत्र आणावे, तर गर्दी त्याहून मोठी होई. १९९५ मध्ये बर्नर्स-ली यांनी हा प्रश्न एमआयटीतील सहकाऱ्यांपुढे ठेवला. तेथील गणिती टॉम लेटन, त्यांचे विद्यार्थी डॅनियल लेविन व इतरांनी १९९७ मध्ये उत्तर मांडले. पानांच्या प्रती अनेक यंत्रांवर वाटाव्यात. आणि ही वाटणी अशी असावी, की एखादे यंत्र बंद पडले तरी थोड्याच प्रती हलवाव्या लागाव्यात. यातूनच १९९८ मध्ये अकामाई ही कंपनी निघाली.

११ सप्टेंबर २००१ रोजी अमेरिकेतील अपहृत विमानात लेविन मारले गेले. वय अवघे एकतीस. त्याच दिवशी बातमीसाठी जग संकेतस्थळांवर लोटले. काही स्थळे कोलमडली. अनेक मात्र लेविन यांच्याच पद्धतीने तगली. भार वाटलेला असला, की एकाच्या जाण्याने काम थांबत नाही, हे त्यांचे गणित त्यांच्या पश्चात असे खरे ठरले.